एका दिवसाची दिल्ली

काशीला जाणारा माणूस पुण्यासाठीं जातो, पंढरीला जाणारा विठ्ठलासाठीं जातो. परंतु दिल्लीला जाणारें कुटुंब कशासाठीं जातें असें विचारलें, तर 'पाहावयास' याहून निराळें उत्तर सहसा मिळत नाहीं. मुलांना सुटी लागते, आगगाडीचीं तिकिटें महिना दोन महिने आधीं काढून ठेविलेलीं असतात, आणि मथुरा, आग्रा, हरिद्वार यांच्या गर्दींत दिल्लीच्या वांट्याला पुरता एक दिवस येतो. त्या एका दिवसांत, सकाळच्या न्याहारीपासून दिवेलागणीपर्यंत, कुतुबमिनार, हुमायूनाची कबर, जुना किल्ला, इंडिया गेट, राष्ट्रपतिभवन, राजघाट, लाल किल्ला आणि जामा मशीद एवढीं स्थळें उरकावयाचीं असतात. मुक्कामावर परततांना आजोबांचे पाय भरून आलेले असतात, आईच्या पिशवींतील चिवडा संपलेला असतो, आणि मुलांच्या डोक्यांत आठ शतकांचा एक गोपाळकाला झालेला असतो. त्यांत कुतुबुद्दीन आणि शहाजहान शेजारीं शेजारीं बसतात, आणि इंडिया गेट अकबरानें बांधिलें असें कोणीं सांगितलें तरी तें खपून जातें.

या गोंधळाचा दोष मुलांच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. दिल्लीची रचनाच तशी आहे. काशी किंवा पैठण यांसारखीं जुनीं नगरें जागच्या जागीं वाढलीं. जुन्या घराच्या जोत्यावर नवें घर उठलें आणि काळाचे थर एकावर एक चढत गेले. दिल्लींत ते थर एकाशेजारीं एक पसरलेले आहेत. नवा राजा आला कीं जुनी राजधानी मागें टाकून दोन-चार कोसांवर नवी वसवावयाची, ही येथील वहिवाट. लालकोट, सीरी, तुघलकाबाद, जहांपन्हा, फिरोजाबाद, दीनपन्हा आणि शहाजहानाबाद अशीं सात शहरें लोक मोजतात, व इंग्रजांनीं वसविलेलें तें आठवें. दक्षिणेकडील मेहरौलीपासून उत्तरेकडील लाल किल्ल्यापर्यंतचें अंतर दहा-अकरा मैलांचें आहे, आणि काळाचें अंतर साडेचारशें वर्षांचें. बसगाडी मात्र शतकांच्या क्रमानें धांवत नाहीं. ती रस्त्याच्या सोयीनें धांवते.

अशा वेळीं सनावळी पाठ करून कुटुंबाचें फारसें भलें होणार नाहीं. त्यापेक्षां एकच प्रश्न सोबत घ्यावा आणि प्रत्येक दाराशीं तो विचारावा, असें आम्हांस वाटतें: येथें पूर्वीं कोण राहत होतें, आणि तें येथून केव्हां व कसें गेलें? हा प्रश्न सुचविण्यास कारण आहे. दिल्लींतील कोणतेंही घर, वाडा, किल्ला किंवा बाग माणसें नांदत होतीं तोंपर्यंत 'प्रेक्षणीय' नव्हती. माणसें गेलीं, किंवा त्यांना घालविण्यांत आलें, आणि मग तेथें हिरवळ, फलक व तिकिटाची खिडकी आली. एका दिवसांत आपण जें पाहतों तो राजांच्या वैभवाचा देखावा आहे असें आपणांस वाटतें. वस्तुतः तो उठून गेलेल्या वस्त्यांचा देखावा आहे.

दिवसाचा आरंभ बहुधा कुतुबमिनारापाशीं होतो. हा मिनार कुतुबुद्दीन ऐबकानें बाराव्या शतकाच्या अखेरीस आरंभिला आणि त्याच्या जांवयानें, अल्तमशानें, पुढें नेला. वीज पडून वरचा भाग मोडला तेव्हां चौदाव्या शतकांत फिरोजशहा तुघलकानें तो पुन्हां बांधिला. आज त्याची उंची ७२.५ मीटर आहे. शेजारच्या मशिदीच्या पूर्वदारावर एक फारशी लेख आहे. त्यांत या मशिदीसाठीं सत्तावीस देवळांचें सामान वापरल्याचें बांधणारानें स्वतःच नमूद करून ठेविलें आहे. मशिदींतील खांबांवर घंटा, सांखळ्या आणि कमळें अद्यापि दिसतात. अंगणांतील लोखंडी स्तंभ तर त्याहूनही सात-आठशें वर्षांनीं जुना, गुप्तकालीन. त्यावरील लेखांतील 'चंद्र' हा राजा म्हणजे दुसरा चंद्रगुप्त, असें बहुतेक विद्वान् मानतात. तात्पर्य, प्रेक्षक ज्याला आरंभ समजतो, तो आरंभ नसतोच. तोमर राजपुतांचा लालकोट येथें आधींच उभा होता, आणि त्याच्या देवळांत येणारीजाणारी माणसें होतीं.

मिनाराच्या आवारांत हिरवळीवर एक लहानसा दगडी घुमट एकटाच बसलेला आढळतो. मुलें त्यांत लपंडाव खेळतात आणि मोठीं माणसें तिकडे लक्षही देत नाहींत. तो रॉबर्ट स्मिथ नांवाच्या इंग्रज इंजिनियरानें १८२८ सालीं मिनाराच्या माथ्यावर चढविला होता; तो तेथें शोभत नाहीं म्हणून १८४८ सालीं लॉर्ड हार्डिंजनें खालीं उतरविला. जुन्या वास्तूची दुरुस्ती करतांना आपली आवड तिच्या डोक्यावर बसवूं नये, हा धडा तो घुमट मुकाट्यानें देत बसला आहे. मिनारावर पूर्वीं लोक चढतही असत. आंत ३७९ पायऱ्या आहेत. ४ डिसेंबर १९८१ रोजीं आंतील दिवे गेले, अंधाऱ्या जिन्यांत चेंगराचेंगरी झाली, आणि चाळीसाहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. त्यांत शाळेच्या सहलीस आलेलीं मुलें पुष्कळ होतीं. तेव्हांपासून मिनाराचें दार प्रेक्षकांस बंद आहे. पाहावयास येणाऱ्यांचाही एक इतिहास असतो, आणि तो नेहमींच सुखाचा नसतो.

कुतुबापासून पूर्वेस गेलें म्हणजे तुघलकाबादचे ओसाड तट लागतात. एका दिवसाच्या यादींत हें ठिकाण सहसा नसतें. पण महाराष्ट्रांतून आलेल्या कुटुंबानें तुघलकांचें नांव तरी येथें आठवावें. महंमद तुघलकानें १३२७ च्या सुमारास आपल्या देवगिरीला दौलताबाद हें नांव देऊन राजधानी केलें, आणि दिल्लींतील अमीर, विद्वान् व सूफी यांस सक्तीनें दक्षिणेंत पाठविलें. सारी दिल्ली रिकामी झाली ही अतिशयोक्ति असेल. परंतु ज्यांना जावें लागलें त्यांचें दुःख खोटें नव्हतें. इसामी नांवाचा कवि तेव्हां पंधरा-सोळा वर्षांचा होता. त्याच्या आजोबांचें वय नव्वद वर्षांचें होतें. त्या वृद्धाला घरांतून उठवून वाटेला लावण्यांत आलें, आणि पहिल्याच मुक्कामावर, तिलपत येथें, त्यानें देह ठेविला. नातू दौलताबादेस पोहोंचला आणि पुढें बहामनी सुलतानाच्या आश्रयास राहून, १३५० सालीं पुऱ्या केलेल्या आपल्या फारशी इतिहासकाव्यांत, त्यानें हें सारें लिहून ठेविलें. निजामुद्दीन औलियांचे वचनसंग्राहक अमीर हसन सिजझी यांनाही दक्षिणेंतच मृत्यु आला. त्यांची कबर खुलदाबादेस आहे. वेरूळचीं लेणीं पाहून खुलदाबादेवरून जाणारीं कित्येक मराठी कुटुंबें दिल्लीकरांच्या कबरींजवळून जातात, आणि त्यांस त्याची दादही नसते.

आतां दिल्ली 'पाहण्याची' चाल केव्हां पडली, हें थोडें सांगितलें पाहिजे. ती सर्वस्वीं इंग्रजांनीं आणिली असा एक समज आहे. तो खरा नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं बादशहा दुसरा अकबर याचा मुलगा मिर्झा जहांगीर यानें इंग्रज रेसिडेंटावर पिस्तूल झाडलें, म्हणून त्याला अलाहाबादेस पाठविण्यांत आलें. तो सुटून आला तर मेहरौलीच्या बख्तियार काकींच्या दर्ग्यावर फुलांची चादर वाहीन, असा त्याच्या आईनें नवस केला होता. नवस फेडतांना दर्ग्यावर चादर चढली, आणि जवळच्या योगमाया देवीच्या देवळांतही फुलें वाहण्यांत आलीं. त्यांतून 'फूलवालों की सैर' ही जत्रा सुरू झाली. पावसाळ्याच्या अखेरीस शहरांतील हिंदु-मुसलमान कुटुंबें मुलाबाळांसह मेहरौलीस जात, आंबराईंत झोंपाळे बांधीत, हौज आणि झरे पाहत, व फुलांचे पंखे मिरवीत. १९४२ सालीं इंग्रज सरकारनें ही जत्रा बंद केली. स्वातंत्र्यानंतर, १९६० नंतरच्या दशकाच्या आरंभीं, पंडित नेहरूंच्या पुढाकारानें ती पुन्हां चालू झाली. दिल्लीच्या कौटुंबिक सहलीची ही खरी आजी होय. फरक इतकाच कीं, तेव्हांचे लोक जेथें जात तेथें नांदती वस्ती असे, आणि पाहणारा व राहणारा यांच्यामध्यें कठडा नसे.

दुसरी पायरी पुस्तकाची. १८४७ सालीं सय्यद अहमदखान यांनीं दिल्लींतील वास्तूंवर 'आसार-उस्-सनादीद' हा उर्दू ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढें अलीगढच्या कॉलेजामुळें त्यांचें नांव सर्वत्र झालें, परंतु त्या वेळीं ते दिल्लींतील एक तरुण मुनसफ होते. मिनारावरील उंच लेख खालून वाचतां येईनात, म्हणून त्यांनीं दोन बांबूंच्या आधारें एक टोपली टांगविली, तींत बसून ते लेखांच्या समोर अधांतरीं लोंबकळत राहिले आणि अक्षरें उतरून घेतलीं. त्यांचे विद्वान् स्नेही इमामबक्ष सहबाई खालीं उभे असत, आणि भीतीनें त्यांच्या तोंडचें पाणी पळे. दहा वर्षांनीं, १८५७ सालीं, इंग्रजांनीं दिल्ली परत घेतली तेव्हां हे सहबाई इंग्रजांच्या गोळ्यांस बळी पडले. ज्यांनीं दिल्ली कशी पाहावी हें शिकविलें, त्यांचीच दिल्ली त्या सालीं संपली.

त्या वर्षीं काय झालें तें समजल्यावांचून दुपारचीं दोन स्थळें, हुमायूनाची कबर आणि लाल किल्ला, हीं पाहून न पाहिल्यासारखीं होतात. हुमायूनाची कबर त्याच्या विधवा राणीनें, हाजी बेगमेनें, बांधविली; ती १५७० च्या सुमारास पुरी झाली. चौफेर पाण्याच्या पाटांनीं विभागलेल्या बागेच्या मधोमध उभी राहिलेली ही वास्तु ताजमहालाची वडील बहीण समजण्यांत येते. १८५७ च्या सप्टेंबरांत शेवटचा बादशहा बहादुरशहा शहर सोडून याच पूर्वजाच्या आसऱ्यास आला, आणि येथेंच हॉडसन नांवाच्या अधिकाऱ्यानें त्याला कैद केलें. लगोलग त्याच्या दोन मुलांस व एका नातवास शहराच्या वेशीजवळ गोळ्या घालण्यांत आल्या. मग साऱ्या शहराची वेळ आली. दिल्लीकरांस वेशीबाहेर काढण्यांत आलें. हिंदूंस आधीं परतूं दिलें, मुसलमानांस पुष्कळ मागाहून. जामा मशीद लष्कराच्या ताब्यांत गेली व १८६२ सालीं परत मिळाली. किल्ल्याच्या भोंवतालचे मोहल्ले पाडून तोफांच्या माऱ्यासाठीं मोकळें मैदान करण्यांत आलें. किल्ला आणि जामा मशीद यांच्यामधील ज्या मोकळ्या जागेचें प्रेक्षकाला कौतुक वाटतें, ती मोकळीक अशी पैदा झालेली आहे.

पुढें याच राज्यकर्त्यांनीं जुन्या वास्तूंच्या रक्षणाचें खातेंही काढिलें. १८६१ सालीं कनिंगहॅमच्या हाताखालीं पुराणवस्तु-संशोधनाचें काम सुरू झालें, आणि १९०४ सालीं लॉर्ड कर्झनच्या कारकीर्दींत प्राचीन स्मारकांच्या संरक्षणाचा कायदा झाला. हें काम उपकारक झालें, याविषयीं वाद नाहीं. तें नसतें तर आज दाखवावयास फार थोडें उरलें असतें. परंतु रक्षण म्हणजे वस्तीपासून रक्षण, असा अर्थ त्यांत शिरला. जुन्या किल्ल्यांत इंदरपत नांवाचें खेडें नांदत होतें, आणि पांडवांच्या इंद्रप्रस्थाची आठवण त्या नांवांत लोकांनीं जतन केली होती. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत तें खेडें किल्ल्याबाहेर हलविण्यांत आलें. आज तेथें हुमायून ज्या जिन्यावरून १५५६ सालीं पडला तो शेरमंडल दाखवितात. इंदरपतच्या चुली कोठें पेटत होत्या, हें दाखविणारा फलक मिळावयाचा नाहीं.

रिकाम्या केलेल्या या दोन्हीं जागा १९४७ सालीं पुन्हां भरल्या. फाळणीच्या दंगलींत जीव वांचविण्यासाठीं घरेंदारें सोडून आलेले दिल्लीचे मुसलमान जुन्या किल्ल्यांत आणि हुमायूनाच्या कबरीच्या बागेंत तंबू ठोकून, पुष्कळदां तंबूवांचूनच, दिवस काढीत होते, आणि पाकिस्तानास जाणाऱ्या गाड्यांची वाट पाहत होते. गांधीजी त्या सप्टेंबरांत जुन्या किल्ल्यांतील छावणींत गेले होते. त्याच महिन्यांत पश्चिम पंजाबांतून आलेले हिंदु व शीख निर्वासित शहराच्या दुसऱ्या टोंकाला छावण्यांत उतरत होते. एकानें सोडलेल्या घरांत दुसरा शिरला. आज कबरीच्या बागेंतील पाट पुन्हां वाहूं लागले आहेत, दगड स्वच्छ झाले आहेत, आणि १९९३ पासून ही वास्तु जागतिक वारशाच्या यादींत आहे. पाणी पाहून आनंद होतो, आणि तो व्हावाच. मात्र त्या हिरवळीवर एकदां माणसें भिजत बसलीं होतीं, हेंही मुलांना सांगावें.

दिवस कलतां कलतां कुटुंब लाल किल्ल्याशीं येतें. मराठी माणसाला येथें ऊर भरून येतो, आणि तसें होण्यास आधार आहे. १७३७ च्या मार्चांत थोरले बाजीराव अचानक दिल्लीच्या वेशीशीं येऊन ठेपले. शहर जाळावें असें आधीं मनांत होतें, पण विचारांतीं तें रहित केलें, असें त्यांनीं चिमाजीअप्पांस पत्रानें कळविलें आहे. १७७२ च्या जानेवारींत बादशहा दुसरा शहाआलम मराठ्यांच्या संरक्षणाखालीं आपल्या राजधानींत परतला. १७८८ सालीं गुलाम कादरानें त्याचे डोळे काढिले, तेव्हां महादजी शिंद्यांच्या फौजांनीं दिल्ली सोडविली, गुलाम कादरास धरून देहदंड दिला, आणि आंधळ्या बादशहास पुन्हां तख्तावर बसविलें. तेव्हांपासून ११ सप्टेंबर १८०३ रोजीं पटपडगंजच्या लढाईंत लॉर्ड लेकनें शिंद्यांच्या पलटणींचा पराभव करीपर्यंत, म्हणजे सुमारें पंधरा वर्षें, दिल्लीची नाडी मराठ्यांच्या हातीं होती.

परंतु अभिमानाचें हें खातें उघडलें म्हणजे दुसरी बाजूही वाचावी लागते. दिवाण-इ-खासांत उभें राहून वर पाहावें. आज तेथें रंगविलेलें लांकडी छत दिसतें. मूळचें छत चांदीचें होतें. नादिरशहानें १७३९ सालीं येथून मयूरासन नेलें, हें प्रत्येक वाटाड्या सांगतो. १७६० सालीं, पानिपतच्या मोहिमेंत, सदाशिवरावभाऊंनीं या दालनाची चांदी उतरवून तिचे रुपये पाडले, हें सांगतांना मराठी प्रेक्षकांपुढें त्याचा आवाज जरा खालीं येतो. भाऊंची अडचण खरी होती. सैन्य उपाशी, खजिना रिकामा, उत्तरेकडून रसद नाहीं, दक्षिणेकडून हुंडी नाहीं; अशा वेळीं सेनापतीनें छताकडे पाहिलें तर त्यास लोभी म्हणतां येणार नाहीं. पण ज्यांचें छत गेलें, त्यांच्या स्मरणांत आपण कोणत्या रांगेंत उभे आहों, हेंही समजून घ्यावें. संरक्षक म्हणून आपण तेथें गेलों, ही आपली नोंद. छत उतरविणारे म्हणून गेलों, ही त्यांची. दोन्हीं नोंदी खऱ्या आहेत, आणि दोन्हीं एकाच दालनांत लिहिलेल्या आहेत.

याच किल्ल्यानें पुढें तीन खटले पाहिले. १८५८ सालीं दिवाण-इ-खासांत बहादुरशहाला आरोपी म्हणून बसविलें आणि रंगूनला धाडलें. किल्ल्याच्या आंतील बहुतेक महाल पाडून लष्करी बराकी बांधण्यांत आल्या, व त्या आजही दिसतात. १९४५ च्या अखेरीस आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांचा खटला येथेंच चालला आणि साऱ्या देशाचें लक्ष या तटांकडे लागलें. तिसरा खटला १९४८-४९ चा, गांधीहत्येचा. त्यांतील आरोपींपैकीं बहुतेक मराठी बोलणारे होते. पहिल्या दोन खटल्यांच्या वेळीं आपण न्याय मागणाऱ्यांच्या बाजूला उभे राहूं शकतों. तिसऱ्याच्या वेळीं मराठी घराला मान खालीं घालून थोडा वेळ थांबावें लागतें. राजघाटावर फूल वाहून झाल्यावर लाल किल्ल्यांत ही गोष्ट मुलांपासून लपवूं नये. जीं मुलें छत्रपतींची गोष्ट समजूं शकतात, तीं हीही समजूं शकतात.

राहिली नवी दिल्ली. १२ डिसेंबर १९११ रोजीं पंचम जॉर्जनें दिल्ली-दरबारांत कलकत्त्याची राजधानी दिल्लीस हलविल्याचें जाहीर केलें. १९३१ च्या फेब्रुवारींत नव्या शहराचा उद्घाटनसमारंभ झाला. रुंद रस्ते, झाडांच्या रांगा, लटयन्सनें टेकडीवर बांधिलेला व्हाइसरॉयचा ३४० खोल्यांचा वाडा, हें सारें माळावर उभें राहिलें अशी समजूत आहे. ती जागा माळ नव्हती. रायसिना, मालचा वगैरे गांवांच्या शेतजमिनी भूसंपादनाच्या कायद्यानें घेण्यांत आल्या, गांवकरी उठले, आणि त्यांतील कित्येक घराणीं आजच्या हरियाणांत जाऊन राहिलीं. टेकडीला रायसिना हें नांव उरलें, आणि परदेशी वकिलातींच्या वस्तींत एका रस्त्याला मालचा हें नांव उरलें.

इंडिया गेटाजवळची दगडी छत्री मात्र लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. तिच्याखालीं पंचम जॉर्जचा संगमरवरी पुतळा होता. १९६८ सालीं तो हलविण्यांत आला. पुढें अर्धशतकाहून अधिक काळ छत्री रिकामीच राहिली. २०२२ पासून तेथें सुभाषचंद्र बोस उभे आहेत. ज्यांच्या सेनेचा खटला लाल किल्ल्यांत चालला, त्यांना राजाच्या जागीं उभें राहण्यास पाऊणशें वर्षें लागलीं. त्याच वर्षीं राजपथाचें नांव कर्तव्यपथ झालें, आणि १९७२ पासून गेटाखालीं तेवणारी अमर जवान ज्योति शेजारच्या राष्ट्रीय युद्धस्मारकांतील ज्योतींत विलीन करण्यांत आली. राजधानींत दगडही बदलीवर असतात, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं.

इतकें सारें एका दिवसांत होत नाहीं, हें आम्ही जाणून आहों. म्हणून आमची सूचना अशी कीं, आठ स्थळांची यादी निम्म्यावर आणावी. सकाळीं कुतुब, दुपारीं हुमायूनाची कबर, संध्याकाळीं लाल किल्ला, एवढीं पुरेत. आणि मधल्या वेळांत, कबरीच्या समोरचा रस्ता ओलांडून, निजामुद्दीनच्या वस्तींत एक फेरी मारावी. येथें तिकीट नाहीं. १३२५ सालीं निजामुद्दीन औलिया आणि त्यांचे शिष्य अमीर खुस्रो हे दोघेही वारले व येथेंच पुरले गेले. तेव्हांपासून या गल्ल्यांत फुलें, अगरबत्त्या आणि रोट्या विकल्या जात आहेत. दर्ग्याच्या आवारांत शहाजहानाची मुलगी जहांआरा हिची कबर आहे. चांदणी चौकाची आंखणी करविणारी ही राजकन्या उघड्या आकाशाखालीं निजलेली आहे, आणि तिच्या कबरीवर गवत उगवावें एवढीच जागा ठेविलेली आहे. जवळच बादशहा महंमदशहा आहे. बाजीराव दिल्लीशीं आले तेव्हां तख्तावर हाच होता. या आवारांत बादशहाच्या कबरीशेजारीं कोणी बाई लेंकराला पाणी पाजीत बसलेली असते, आणि कोणी म्हातारा जपमाळ ओढीत असतो. दिवसभर पाहिलेल्या साऱ्या जागा एके काळीं अशाच गजबजलेल्या होत्या, हें तेथें पंधरा मिनिटें उभें राहिल्यानें जितकें कळतें, तितकें कोणत्याही फलकानें कळत नाहीं.

हा प्रश्न दिल्लीपुरता ठेवण्याचें कारण नाहीं. रायगडही एके काळीं राजधानी होती. बाजारपेठेच्या जोत्यांच्या दोन रांगा तेथें अजून उभ्या आहेत, आणि १८१८ सालीं इंग्रजांच्या तोफांनीं गडावरील वाडे पेटले. शनिवारवाडा १८२८ सालीं जळाला; त्याच्या जोत्यांवर आज पुण्याचीं मुलें खेळतात. दौलताबादेची गोष्ट वर आलीच आहे. दिल्लीहून परतल्यावर पुढच्या सुटींत ज्या मुलानें रायगडाच्या बाजारपेठेंत 'येथें दुकानें कोणाचीं होतीं, आणि तीं माणसें कोठें गेलीं?' असें आपण होऊन विचारलें, त्याचा दिल्लीचा एक दिवस फुकट गेला नाहीं असें खुशाल समजावें. त्याच्या बापाला उत्तर ठाऊक नसेल तर दोघांनीं मिळून तें शोधावें. गडाच्या पायथ्याशीं पाचाडांत विचारावयास माणसें अजून आहेत.